कडेचा इतिहास : पायच्या ताटलीपासून फेअरवे ड्रायव्हरपर्यंत, आणि मध्ये आपली विटी

१/ शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या चुलत्यांचे एक पडीक रान आहे. गेल्या पौषात एका सकाळी तेथे एक नवी चकती फेकून पाहिली. डिस्क गोल्फ या खेळातील ‘फेअरवे ड्रायव्हर’ प्रकारची ती चकती. तिसऱ्या फेकीला ती शेजारच्या उसाच्या फडात शिरली. तिला शोधता शोधता मनात जे प्रश्न आले, त्यांतून हा धागा तयार झाला. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/ प्रथम खेळाची ओळख. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारत खळग्यापर्यंत न्यायचा असतो. डिस्क गोल्फमध्ये चकती हाताने फेकत लोखंडी साखळ्यांच्या टोपलीपर्यंत न्यायची असते. कमीत कमी फेकींत जो पोहोचेल तो जिंकला. टोपलीजवळच्या अचूक फेकीसाठी ‘पटर’, मधल्या पल्ल्यासाठी ‘मिडरेंज’ आणि लांब पल्ल्यासाठी ‘ड्रायव्हर’ अशा चकत्या असतात. ड्रायव्हर म्हणजे येथे गाडीचालक नव्हे. त्यांतही दोन जाती : केवळ अंतरासाठीचा ‘डिस्टन्स ड्रायव्हर’, आणि अंतर व दिशा दोन्ही सांभाळणारा ‘फेअरवे ड्रायव्हर’.

३/ या चकत्यांवर बहुधा चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा : चकतीला नीट उडण्यासाठी किती वेगाने फेकावे लागेल, याची ही खूण. दुसरा तरंगण्याचा. तिसरा आरंभीच्या वळणाचा, म्हणजे वेगात असताना ती किती उजवीकडे झुकेल याचा. चौथा अखेरच्या ओढीचा, म्हणजे वेग ओसरल्यावर ती किती डावीकडे पडेल याचा. हे डावे-उजवे उजव्या हाताने, पालथ्या हाताच्या फेकीसाठी आहे. डावखुऱ्याने उलट समजावे. माझ्या नव्या चकतीवर ७, ५, ०, २ असे आकडे होते. अर्थ असा की, ती सरळ जाईल आणि शेवटी किंचित डावीकडे वळून बसेल.

४/ प्रत्यक्षात काय घडले? जुन्या मिडरेंज चकतीने मी नेहमी पन्नास पावलांपर्यंत पोहोचत असे. ‘लांब पल्ल्याच्या’ या नव्या चकतीने पहिल्या फेकीत चाळीस पावले भरली. दुसरीत त्रेचाळीस. तिसरी हट्टाने जोर लावून फेकली, ती आकाशाकडे चढली, क्षणभर थबकली आणि डावीकडे घसरत उसात गेली. साधन अधिक चांगले, हात तोच, आणि फळ मात्र उणे. असे का व्हावे? उत्तर चकतीच्या कडेत आहे आणि त्या कडेला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

५/ कथेची सुरुवात एका भट्टीपासून होते. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट येथे १८७१ मध्ये विल्यम रसेल फ्रिसबी यांनी बेकरीचा व्यवसाय मांडला. तेथे ‘पाय’ नावाचा, आत फळांचे सारण भरलेला भाजीव पदार्थ तयार होई आणि पत्र्याच्या ताटलीतून विकला जाई. सारण पोटात गेल्यावर ताटली हवेत जाऊ लागली. येल विद्यापीठाचे विद्यार्थी ती एकमेकांकडे फेकत आणि समोरच्याला सावध करण्यासाठी ‘फ्रिसबी’ असे ओरडत, ही आठवण सर्वत्र सांगितली जाते. आपल्याकडे ज्याने ॲल्युमिनियमची ताटली किंवा डब्याचे झाकण अंगणात भिरकावले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

६/ ताटलीला नेमके लक्ष्य देण्याची कल्पनाही मुलांचीच. कॅनडातील सस्कॅचेवन प्रांतात ब्लॅडवर्थ नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९२६ मध्ये रॉनल्ड गिब्सन आणि त्याचे शाळासोबती डब्यांची पत्र्याची झाकणे ठरलेल्या लक्ष्यांवर फेकत आणि फेकी मोजत. खेळाला त्यांनी ‘टिन लिड गोल्फ’ म्हणजे झाकणांचे गोल्फ असे नाव दिले होते. मुले मोठी झाली आणि खेळ थांबला. त्याला ना संघटना लाभली, ना छापील नियम. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

७/ पुढचे नाव वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन. १९३७ मध्ये एका सणाच्या दिवशी तो आणि त्याची मैत्रीण (पुढे पत्नी) लुसिल पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण फेकत होती. पुढच्या वर्षी समुद्रकिनारी केकचे भांडे फेकताना एकाने पाहिले आणि पाच सेंटांच्या त्या भांड्याला पंचवीस सेंट देऊ केले. व्यापार सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात मॉरिसन वैमानिक होता. पंखावरून हवा कशी वाहते हे त्याने तेथे जाणले. १९४८ मध्ये वॉरेन फ्रान्सिओनी या भागीदारासह त्याने प्लास्टिकची चकती बनवली. १९५५ मध्ये ‘प्लुटो प्लॅटर’ आली आणि २३ जानेवारी १९५७ रोजी तिचे हक्क ‘व्हॅम-ओ’ कंपनीकडे गेले. कंपनीने नाव ठेवले ‘फ्रिसबी’.

८/ तोवर ही चकती खेळणे होती, साधन नव्हती. तिला साधन केले एड हेड्रिक यांनी. १९६४ च्या सुमारास व्हॅम-ओमध्ये काम करताना त्यांनी चकतीच्या पाठीवर कडेच्या बाजूला उंचवट्याची वर्तुळे घातली आणि वजन कडेकडे नेले. उडताना होणारी थरथर त्यामुळे कमी झाली. १९६७ मध्ये या सुधारणेस पेटंट मिळाले. आता चकती दहा वेळा फेकली तर दहाही वेळा जवळपास सारखीच उडू लागली. खेळ आणि खेळणे यांतील सीमारेषा हीच. ज्याच्या वागण्याचा अंदाज करता येतो, त्याचाच सराव करता येतो.

९/ हेड्रिक एवढ्यावर थांबले नाहीत. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात त्यांनी डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. आरंभी लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. ‘लागली’ की ‘नाही लागली’ यावर वाद होऊ लागले, तेव्हा त्यांनी खांबाला साखळ्या आणि खाली टोपली लावली. चकती साखळीत अडकून टोपलीत पडली की वाद मिटला. १९७६ मध्ये त्यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना स्थापली. ब्लॅडवर्थच्या मुलांपाशी नव्हते ते सारे येथे जुळून आले : सारखे उडणारे साधन, निर्विवाद लक्ष्य आणि लिहिलेले नियम. २००२ मध्ये हेड्रिक वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या तयार करण्यात आल्या.

१०/ आता मुख्य वळण. १९८३ पर्यंत सर्व चकत्यांची कड गोल आणि बोथट होती, ताटलीच्या वळवलेल्या काठासारखी. त्या वर्षी डेव्ह ड्युनिपेस यांनी चकतीची कड तासल्यासारखी उतरती केली. बाहेरचा काठ पाचरीसारखा निमुळता झाला. पाचरीची कड हवा कापू लागली, अवरोध घटला आणि अंतर वाढले. त्याच काळात ‘इनोव्हा’ ही कंपनी उभी राहिली आणि ‘ईगल’ ही अशा कडेची आद्य चकती ठरली. आजचे सर्व ड्रायव्हर तिचे वंशज आहेत. सुमारे २१ सेंटिमीटर व्यासाच्या वस्तूच्या काठावरचा दीड-दोन सेंटिमीटरांचा बदल, आणि खेळाचे नकाशे पुन्हा आखावे लागले.

११/ पण पाचरीच्या कडेने वेगासोबत एक अटही घातली. ती समजण्यासाठी आपला भोवरा आठवावा. जाळी गुंडाळून फेकलेला भोवरा फिरतो तोवर आरेवर उभा राहतो. त्याला बोटाने एका बाजूस ढकलले तर तो त्या बाजूस न पडता काटकोनात सरकतो. चकतीचेही तसेच. वेगात असताना हवेचा दाब तिची पुढची कड खाली दाबू पाहतो. ती खाली न जाता उजवीकडे झुकते. वेग ओसरला की तोच दाब पुढची कड वर उचलू पाहतो. ती वर न जाता डावीकडे कलते. चकतीवरचा तिसरा आणि चौथा आकडा याच दोन ढकलण्यांचे माप आहे.

१२/ यावरून माझ्या फसलेल्या फेकीचा उलगडा होतो. वेगाच्या आकड्यात ७ मागणाऱ्या चकतीला माझा हात ५ देत होता. शिवाय अधिक जोर लावण्याच्या नादात सुटताना तिची पुढची कड वर उचलली जात होती. तिच्या दृष्टीने उड्डाणाचा आरंभच शेवटासारखा होता; म्हणून ती लगेच डावीकडे पडली. दोष साधनाचा नव्हता. बोथट ताटली हाताच्या चुका पोटात घालते. धारदार कड त्या उघड करते. हत्यार जितके कसबी, तितकी त्याची मागणी मोठी, हे सुताराला सांगावे लागत नाही.

१३/ मग अधिकाधिक धारदार चकत्या का करत जाऊ नयेत? तसे झालेही. आज वेगाच्या आकड्यात १४ पर्यंत पोहोचलेल्या चकत्या मिळतात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या वाळवंटात वाऱ्याच्या साथीने ३३८ मीटरांची फेक नोंदली गेली. तरी फेअरवे ड्रायव्हर मागे पडला नाही. लेपर्ड ६, टीबर्ड ७, फायरबर्ड ९ अशा या मधल्या वर्गातील चकत्या अजून नामांकित खेळाडूंच्या झोळीत असतात. झाडांच्या दाटीतून वाट काढताना शंभर मीटर भरकटण्यापेक्षा ऐंशी मीटर सरळ जाणे मोलाचे ठरते.

१४/ धारेला नियमांनीही मर्यादा घातली आहे. कडेच्या टोकाची गोलाई १.६ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा कमी नसावी, कडेची रुंदी २.६ सेंटिमीटरांपेक्षा अधिक नसावी, वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे संघटनेचे दंडक आहेत. निहंग शीख पगडीवर बाळगत ते पोलादी चक्रही फेकण्याचेच. पण त्याची कड कापण्यासाठी होती. खेळाची चकती हवा कापते, माणूस नव्हे. शस्त्र आणि क्रीडासाधन यांत अंतर आहे ते मिलिमीटरांचे, आणि ते कोणीतरी लिहून ठेवले आहे म्हणून टिकून आहे.

१५/ येथे कोणी विचारील, या सगळ्याचा शिरूर-दौंडशी काय संबंध? फिरत्या चकतीची विद्या या मातीला नवी नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे अनेक हंगाम उत्खनन केले, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्या कामाशी निगडित नावे. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. त्यांची लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेली जोर्वे पद्धतीची भांडी चाकावर घडवलेली आहेत, भट्टीत इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारता खणखणतात. कुंभाराची गोल भट्टीही तेथे सापडली. फिरणाऱ्या चाकाच्या कडेवर हात किती हलका ठेवावा, हे येथल्या माणसाला तीन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. मात्र त्याने ते कोठे लिहिले नाही. त्याची नोंद भांड्याच्या काठात उरली.

१६/ हातातून सुटण्याची विद्याही येथे होतीच. रब्बी ज्वारी हुरड्यात आली की मचाणावरून गोफण फिरायची. गोफण हे हाताची लांबी वाढवणारे यंत्र आहे. पण तिचे मर्म जोरात नसून दोरीचे एक टोक कोणत्या क्षणी सोडायचे यात आहे. क्षण चुकला की दगड पाखरांकडे न जाता शेजाऱ्याच्या रानात जातो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते थोरल्याच्या खांद्याकडे पाहून धाकट्याच्या खांद्यात उतरत असे.

१७/ आणि विटीदांडू! चकतीवरील चार आकडे वाचताना मला पहिली आठवण झाली ती वकट, लेंड, मूंड, नाल या मोजणीची. पाय, मूठ, डोळा अशा निरनिराळ्या जागी विटी ठेवून टोला मारायचा आणि कोणत्या आकड्याला विटी कोठे ठेवायची हे ठरलेले. गाव बदलले की उच्चार आणि जागा थोड्या बदलत. हे शब्द मराठी वाटत नाहीत, कारण ते मूळचे मराठी नाहीतच. तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. हा खेळ वा त्याची मोजणी भाषेची सीमा ओलांडून आली आणि पिढ्यान्पिढ्या मुलांच्या तोंडी राहिली. कागदाचा आधार नसताना! अंतर मोजायचे तेही दांडूनेच.

१८/ म्हणजे दोन्हीकडे आकडेच आहेत आणि दोन्हीकडे ते उडणाऱ्या वस्तूशी कसे वागावे हे सांगतात. फरक इतकाच की तिकडचे आकडे साधनावर छापले गेले, इकडचे जिभेवर राहिले. छापलेला आकडा कॅलिफोर्नियातून न्हावऱ्यापर्यंत न बदलता येतो. जिभेवरचा आकडा पुढच्या मुलाने विचारले तरच पुढे जातो. ब्लॅडवर्थची मुले मोठी होताच झाकणांचे गोल्फ थांबले, ते याच कारणाने. याउलट खो-खो पाहा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम लिहून काढले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. नियम लिहिणे ही खेळाला दिलेली दीर्घायुष्याची सनद असते.

१९/ खेळाला आणखी एक गोष्ट लागते : मोकळी जागा. डिस्क गोल्फला सपाट केलेले हिरवे मैदान लागत नाही; चढ, झाड, ओघळ हेच त्याचे अडथळे. भीमेच्या दोन्ही तीरांवरची माळराने त्यासाठी जणू आखून ठेवली आहेत. मात्र माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. दौंडजवळच, बारामती तालुक्यातील सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरांचे. त्या गवतावर चिंकारा जगतो. माळावर लांडगा आहे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, धनगरांची मेंढरे आहेत. खेळायचे तर पीक निघालेल्या आपल्याच रानात, आणि प्लास्टिकची चकती हरवली तर ती सापडेपर्यंत घरी न जाता.

२०/ मीही गेलो नाही. उसाच्या पाचटातून चकती हाती लागेपर्यंत तास गेला. बांधावर बसून तात्या, म्हणजे माझे चुलते, सारा प्रकार पाहत होते. त्यांनी आयुष्यात चकती धरली नव्हती. ज्वारी मात्र पन्नास हंगाम राखली होती. ते म्हणाले, “आरं, सुटताना म्होरली कड वर उचलतीया तुझी. जोर कमी कर. येळेवर सोड.” मी म्हटले, “तात्या, तुम्हीच फेकून बघा की.” त्यांनी मान हलवली आणि नुसता हात हवेत फिरवून दाखवला : खांदा सैल, कंबर आधी, मनगट शेवटी. गोफणीचा हात. तसा प्रयत्न केला. चौथी-पाचवी फेक बरी गेली. सातवी छातीच्या उंचीवरून सरळ निघाली, शेवटी किंचित डावीकडे वळली आणि ढेकळांत बसली. छापल्याबरहुकूम. मोजली : एकसष्ट पावले.

२१/ तेव्हा ध्यानात आले की चकतीवरचे चार आकडे माझ्यापर्यंत येण्यास शंभर वर्षांची झाकणे, ताटल्या, पेटंटे आणि संघटना लागल्या. आणि ते आकडे वाचता यावेत यासाठी कोठेही न लिहिलेले एक वाक्य लागले, जे बांधावर बसलेल्या एका माणसापाशी होते. छापील ज्ञान दूरवर जाते. पण ते हातात उतरवणारे ज्ञान अजूनही माणसामाणसांतूनच जाते. पहिले आपल्याकडे चालत येईल. दुसरे आपण विचारले नाही तर जाईल.

२२/ म्हणून एक विनंती. आपल्या घरी विटीदांडू खेळलेले कोणी असेल, तर त्यांना वकट, लेंडच्या पुढची मोजणी विचारा. कोणत्या आकड्याला विटी कोठे ठेवत, गल किती खोल खणत, वाद कसा मिटवत, हे त्यांच्याच शब्दांत गावाच्या नावासह खाली लिहा. मी तात्यांकडून न्हावऱ्याकडची मोजणी लिहून घेतली आहे. सहाव्या आकड्यावर ते अडले, आणि रात्री जेवताना त्यांना तो आपोआप आठवला. आठवला तेव्हा ते ज्या रीतीने हसले, त्यावरून वाटले की, ही नोंद वेळेवरच होत आहे.

धागा समाप्त.